सोलापूरच्या आठ जणी आणि मालवणची बेटं

आम्हां सोलापूरकरांच्या वाट्याला बेट आलेलं आहे ते एकच. तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ! सभोवार पाणी, मधोमध देव आणि जायला बांधीव वाट. त्यामुळे शेजारच्या वहिनींच्या लेकीने ग्रीसहून फोटो पाठवले, तेव्हा आमची भिशी त्या दिवशी तासभर लांबली. लेक-जावयांनी तिथे एका दिवसासाठी अख्खी बोट भाड्याने घेतली होती. सकाळी निघायचं, चार-पाच छोटी बेटं फिरायची, वाटेल तिथे थांबायचं, डबा खायचा आणि संध्याकाळी परत. निळंशार पाणी, पांढरे खडक. फोटो हातोहाती फिरला आणि कुणीतरी म्हणालं, "आपल्याकडे नाहीत का गं अशी बेटं?"

आहेत की! मालवणला आहेत. सोलापूरहून पावणेचारशे-चारशे किलोमीटरांवर. मिरज-कोल्हापूरला जाणारा मोठा रस्ता आणि पुढे घाट उतरला की कोकण. भिशीचे पैसे त्या वेळी कुणा एकीला न देता सहलीला लावायचे ठरले. आठ जणी, त्यांतल्या एक माझ्या सासूबाई. वय एकोणसत्तर, गळ्यात माळ, पंढरीची वारी चुकवत नाहीत. पण समुद्र म्हणून कधी पाहिला नव्हता.

सुट्टी बघायची की तिथी?

आता मैत्रिणींनो, एक गोष्ट आधी सांगते, कारण ती न समजता गेलं तर निम्मी सहल वाया जाते. ग्रीसच्या त्या भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच. पाणी वर-खाली होतं ते बहुतेक ठिकाणी वीत-दोन वीत. तो समुद्र चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला. महासागराशी त्याचा संबंध जिब्राल्टरच्या अरुंद सामुद्रधुनीतून. त्यामुळे तिथे कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी निघा, बेट आपलं जागच्या जागी!

आपल्या कोकणात तसं नाही. इथे दिवसातून दोनदा पाणी चढतं आणि दोनदा उतरतं. मालवणकडे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा फरक दोन मीटरच्या आसपास, म्हणजे उंच माणूस बुडेल एवढा. भरतीला जिथून बोट जाते, तिथेच ओहोटीला माणसं चालतात. एखादं बेट तर सकाळी नसतंच आणि दुपारी उगवतं. शिवाय ही वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. आपण जातो शनिवार-रविवार बघून. समुद्र चालतो तिथीने.

ही तिथी कळायला आपल्याला कुणाच्या दारात जावं लागत नाही. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. कोकणातली जुनी रीत अशी : शुद्ध असो वा वद्य, तिथीच्या आकड्याला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. येईल तो पूर्ण भरतीचा तास. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि मध्ये बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला उत्तर येतं सव्वाअकरा. म्हणजे ऐन दुपारी पाणी चढलेलं. ही रीत ढोबळ आहे, गावागणिक तासभर पुढेमागे होतं. पण दिवस निवडायला चोख. मी सातवीच्या मुलींना गुणोत्तर शिकवताना आता हेच उदाहरण देते. मुली कॅलेंडर घेऊन बसतात.

आम्ही मार्गशीर्षातली शुद्ध दशमी धरली. दहा त्रिक तीस, भागिले चार, साडेसात. सकाळी भरती, दुपारी ओहोटी. दिवस थंडीचे, समुद्र शांत. देवबागला ज्यांच्या घरी उतरायचं होतं त्या ताईंना फोन केला. त्यांनी कॅलेंडर बघितलं नाही, गुणाकार केला नाही. "दशमी? पावणेएकाच्या सुमाराक सुकती लागतली," म्हणाल्या. सुकती म्हणजे ओहोटी. आमच्या गणितात आणि त्यांच्या बोटांवरच्या हिशेबात पाऊण तासाचा फरक. अर्थात शब्द त्यांचाच शेवटचा.

पण ही दशमी आली आठवड्याच्या मधल्या वारी. तिथे खरी अडचण! शाळेची रजा, मुलांचे डबे, एकीकडे नणंदेची पाहणी. एकीच्या घरी तर "रविवारी का नाही जात?" एवढाच प्रश्न चार दिवस चालू होता. तिने शेवटी कॅलेंडर काढून सगळ्यांना भरती-ओहोटी समजावून सांगितली. यजमान म्हणाले, "समुद्राचं एवढं ऐकता, आमचं ऐकत नाही!" पण हसून म्हणाले, आणि गेले दोन दिवस डबे करायला तयार झाले.

देवबागच्या ताई

तारकर्लीच्या पुढे दक्षिणेला देवबाग. जमिनीची एक चिंचोळी पट्टी. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदी. मध्ये माडांखाली घरं. टोकाला जाऊन नदी समुद्राला मिळते. रात्री दोन्हीकडून पाण्याचा आवाज येतो. समुद्राच्या बाजूने दगडांचे बंधारे घातले आहेत, कारण पावसाळ्यात समुद्र इथली जमीन ओढून नेतो. ताई म्हणाल्या, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा घरापुढे माडांच्या आणखी दोन रांगा होत्या.

ताईंचे यजमान तांडेल, बोट त्यांचीच. ताई घर सांभाळतात, पाहुण्यांना जेवू घालतात. रात्री तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी केली होती. ज्या मासे खातात त्यांच्यासाठी सुरमई. सासूबाईंनी उसळ दोनदा घेतली. जेवताना कुणीतरी सहज विचारलं, "ताई, त्या बेटावर काय काय आहे हो?"

ताई म्हणाल्या, "मी खंय गेलंय? माका खंय वेळ गावता!"

आम्ही ऐकतच राहिलो. समोर, घरामागच्या धक्क्यावरून दिसेल इतक्या अंतरावर बेट. रोज त्यांच्या घरची माणसं तिथे पाहुणे घेऊन जातात. आणि घरी पाहुणे ठेवायला लागल्यापासून ही बाई एकदाही तिथे गेलेली नाही. कारण बोट परतते तेव्हा जेवण तयार लागतं ना!

सासूबाई म्हणाल्या, "आमच्यापाशी कडक भाकरी आहे, शेंगाची चटणी आहे, दही तुम्ही विरजलेलंच आहे. उद्या दुपारी तुम्ही काही करायचं नाही. बोटीत बसायचं." ताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तांडेलदादांनी बोटीतली माणसं मोजली, नऊ झाली. "चलात," म्हणाले.

संगमाबाहेर

साडेसातला निघालो. नदी तुडुंब भरलेली, काठची झाडं पाण्यात पाय बुडवून उभी. बोटीत पाय ठेवण्याआधी प्रत्येकीला नारिंगी लाइफ जॅकेट. साडीवरून ते घालताना हसून पुरेवाट झाली, पण पट्टे मात्र एकमेकींचे तपासले. आम्हां आठ जणींत पोहता येणारी एकही नाही.

सकाळी लवकर का, ते संगमापाशी कळलं. नदी समुद्राला मिळते तिथे वाळू साठून तळ वर आलेला असतो. पाणी भरपूर असताना बोट अलगद पार होते. पाणी उतरलं की तिथेच लाटा फुटतात. म्हणून भरतीच्या पाण्यावर बाहेर पडायचं आणि पाणी फार उतरायच्या आत परत यायचं. तांडेलदादा तीन लाटा जाऊ देऊन चौथ्या वेळी बोट घालायचे. एकीने "अहो, चला की" म्हटलं, तर म्हणाले, "दर्याक घाई चलणा नाय, वयनी."

बाहेर आलो तर डावीकडे भोगव्याचा लांबलचक वाळूचा किनारा आणि पुढे निवतीचा डोंगर, त्यावर पडका किल्ला. खाली समुद्रात उभे खडक, उन्हात सोन्यासारखे. दूर क्षितिजावर वेंगुर्ल्याचे खडक म्हणतात ती बेटं ठिपक्यांसारखी दिसली. तिथे दीपगृह आहे. आणि तिथल्या गुहांमध्ये पाकोळ्या स्वतःच्या लाळेने घरटी बांधतात. परदेशात त्या घरट्यांचं सूप करतात, म्हणून ती चोरीला जात. ती थांबवायला वनखात्याला आणि पक्षिमित्रांना राखण करावी लागली. बिचारीने तोंडातली लाळ वेचून घर बांधायचं आणि कुणी तरी ते वाटीत घालून प्यायचं!

डॉल्फिन दिसले ते निवतीच्या अलीकडे. आधी एक पाठ, मग दुसरी, आणि तिच्याला चिकटून एक छोटी. ही जात किनाऱ्याजवळच राहते, पाठीवर कुबडासारखा उंचवटा असतो. मासा दिसला तरी तो मासा नव्हे. श्वास घ्यायला वर येतो आणि पिलाला दूध पाजतो. दुसऱ्या दोन बोटी त्यांच्यामागे धावल्या तसे ते बुडाले. आमच्या तांडेलांनी यंत्र बंद केलं आणि आम्ही गप्प बसलो. पाच-सात मिनिटांनी ती माय-लेकरं बोटीपासून वीस हातांवर वर आली. सासूबाईंनी पदर पुढे घेऊन हात जोडले. बोटवाला धावू लागला तर त्याला थांबायला सांगावं, एवढं तर पैसे देणाऱ्याने करावंच.

दुपारचं बेट

अकराच्या आत संगमातून परत आलो. सकाळी जिथे नुसतं पाणी होतं, तिथे आता वाळूची एक पिवळी पाठ वर येत होती. याला लोक सुनामी बेट म्हणतात. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर ते वर आलं, असं गावात सांगतात. नदीने आणलेली वाळू आणि समुद्राने लोटलेली वाळू, दोघांच्या भांडणात मध्ये साठलेला ढीगच तो. भरतीला बुडतो, ओहोटीला उघडा पडतो. सुट्टीच्या दिवशी इथे पाण्यातल्या खेळांची ही गर्दी असते म्हणे. त्या दिवशी आम्ही आणि आणखी दोन बोटी.

बोट लागली आणि ताई सगळ्यांत आधी उतरल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि सरळ पाण्याच्या कडेला गेल्या. पायाच्या अंगठ्याने वाळू उकरली, वाकल्या आणि मूठ उघडून दाखवली : तिसऱ्या! पट्टे-पट्टे असलेले शिंपले. "मी चेडू असताना नदीत तिसरे काढूक येय होतंय," म्हणाल्या. त्यांच्या आईबरोबर गावच्या बायका अशाच सुकतीची वेळ धरून टोपल्या घेऊन यायच्या. दोन-अडीच तास मिळायचे. तेवढ्यात टोपली भरली तर कालवण, उरल्या तर बाजार. पाणी चढायला लागलं की उचला टोपली.

म्हणजे पावणेएक कसं आलं, ते तिथे उमगलं. आपल्याला भाकरीचं पीठ किती घ्यायचं ते जसं हाताला कळतं, तशी या बायकांना तिथी पायाला कळते. सुकती ही त्यांच्या कामाची वेळ. आम्ही जिथे सहलीला आलो होतो तिथे त्यांच्या पिढ्यांनी कंबर मोडून पोट भरलं होतं.

मग सगळ्याच वाकलो. शाळेतली पर्यवेक्षिका, बँकेतल्या साहेबांची बायको, तयार कपड्यांचं दुकान चालवणारी आमची तेलुगू मैत्रीण, सगळ्या वाळूत अंगठे खुपसून. सासूबाई मात्र ओल्या वाळूवर पाय पसरून बसल्या. जवळच्या पुडीतलं हळद-कुंकू पाण्याला वाहिलं आणि म्हणाल्या, "काय की बाई, एवढं पाणी आणि घोटभर प्यायचं नाही."

तिथेच शिदोरी सोडली. कडक भाकरी दह्यात मोडून, वर शेंगाची चटणी आणि तेलाची धार. ताईंना कडक भाकरीचं भारी नवल. "महिनाभर टिकता?" त्यांनी दोनदा विचारलं. मग तीळ लावून थापायची कशी, वाळवायची कशी, सगळं तिथे वाळूत बसून सांगून झालं. तांडेलदादा बोटीत बसून जेवले. ताई बराच वेळ आपल्या घराकडे बघत होत्या. नदीपलीकडून, दुसऱ्या बाजूने. "आमचा घर हयसून लहान दिसता," एवढंच म्हणाल्या.

दोनच्या सुमारास पाणी कडेने गुपचूप आत सरकू लागलं. आमच्या चपला भिजायच्या आत ताईंनी उठवलं.

समुद्रातल्या गोड्या विहिरी

दुपारी जीपने मालवणचा धक्का गाठला. इथून किल्ल्यावर नेहमीच्या प्रवासी बोटी जातात. वाढत्या पाण्यावर दहा-पंधरा मिनिटांत सोडतात. सिंधुदुर्ग उभा आहे तो कुरटे नावाच्या बेटावर. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी बांधकामाला हात घातला; देखरेख हिरोजी इंदुलकरांची. तीन वर्षांत काम उभं राहिलं. आत अठ्ठेचाळीस एकर जागा, भोवती सुमारे तीन किलोमीटरचा नागमोडी तट. पायाचे दगड बसवताना शिसं ओतलं असं सांगतात. अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही; दोन बुरुजांच्या आड असा लपवला आहे की परक्याची बोट भोवती फिरतच राहावी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत हा आहे.

दरवाजातून आत गेलं की चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे दाखवतात. आत राजाराम महाराजांच्या काळात बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ आहे. तटाला एक लहानसा दरवाजा आहे आणि त्यातून बाहेर इवलासा वाळूचा किनारा, राणीची वेळा. ताराराणी इथे समुद्रस्नानाला येत, अशी आख्यायिका आहे. राज्य सांभाळून, लढाया सांभाळून त्या बाईंना ही एवढी जागा मिळाली असेल तर फार बरं वाटलं.

पण आमचे पाय खिळले ते विहिरींवर. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंना खारा समुद्र आणि मध्ये तीन गोड्या विहिरी! कारण साधं आहे. कोकणात आमच्या चौपट-पाचपट पाऊस. तो बेटाच्या पोटात मुरतो आणि गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून खाऱ्यावर तरंगून राहतं. मात्र ते बेताने उपसावं लागतं. हावरेपणा केला की खालचं खारं वर येतं आणि विहीर कायमची नासू शकते. नळाच्या पाळ्या सांभाळत, पिंप भरत ज्यांचा संसार झाला, त्या आम्हां सोलापूरच्या बायकांना हे कुणी समजावून सांगायला नको होतं. किल्ल्यात अजून काही घरं नांदती आहेत. तिथल्या एका आजींनी तांब्याभर पाणी दिलं. सासूबाईंनी घोट घेतला, थांबल्या आणि तांब्या शेवटपर्यंत रिकामा केला.

परतताना शेजारी पद्मगडाचं छोटं बेट दिसलं. ओहोटीला दांडीच्या किनाऱ्यावरून तिथे चालत जाता येतं. आम्ही पाहिलं तेव्हा वाट पाण्याखाली गेली होती. या भागातला समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. खाली प्रवाळ आहेत, म्हणून बोटीतून कागदाचा कपटाही टाकू नये.

जाणार असाल तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सप्तमी ते एकादशीपर्यंतची तिथी धरलीत तर सुकती भर दिवसा, साधारण अकरा ते दोनच्या दरम्यान मिळते. या दिवसांत पाण्याला जोरही कमी; त्याला तिकडे भांगाचं पाणी म्हणतात. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बेट पाण्याखाली. मे महिन्याच्या उत्तरार्धात समुद्र खवळू लागतो आणि पावसाळ्यात किल्ल्याच्या बोटी बंदच असतात.

बोट ठरवताना दोन प्रश्न विचारायचेच : किती माणसांची परवानगी आहे, आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का? मे २०२२ मध्ये तारकर्लीच्या किनाऱ्याजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचे जीव गेले. आपण बायका भाजीवाल्याशी रुपया-दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो आणि अशा ठिकाणी मात्र "कसं विचारायचं" म्हणून गप्प बसतो. विचारायचं. बोटवाला भला असेल तर त्याला राग येत नाही. आला तर दुसरी बोट बघायची.

बोटीचं भाडं माणशी नसून बोटीमागे ठरतं, तेव्हा सात-आठ जणी मिळून गेलं तर परवडतं. साडी सुतीच असावी, नायलॉनची भिजली की पायात अडकते. जादा कपड्यांचा जोड, टोपी, पिण्याचं पाणी आणि उलटीचा त्रास असेल तर आल्याची वडी जवळ ठेवावी. येताना मालवणचं खाजं आणि कोकम आणायला विसरू नका.

आणि शिदोरी घरूनच न्या. जिथे उतराल तिथल्या ताईंना विचारा, "तुम्ही येता का?" बोटीत जागा असेल, माणसं मोजून झाली असतील, तर त्यांनाही घेऊन जा. बेट दाखवायला त्यांच्याइतकं जाणतं माणूस दुसरं मिळणार नाही.